बिटाचं हमस आणि बिटाचं मुतब्बल

हमस आणि मुतब्बल हे पोळी-पावाला लावून खायचे चटणीसारखे पदार्थ. बिटाचे केले की दोन्ही गडद गुलाबी. दोन्हींत ताहिनी (म्हणजे वाटलेल्या तिळांची पेस्ट), लिंबू, लसूण आणि वरून ऑलिव्ह तेलाची धार. नुसतं बघून कुठलं काय ते ओळखणं अवघडच. पण हमसचा पाया काबुली चण्यांचा असतो आणि मुतब्बलचा बिटाचाच. घरी करताना सगळा फरक तिथूनच पडतो.

मूळ दोघांचंही लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईनकडचं. मुतब्बल म्हटलं की आपल्याला भाजलेल्या वांग्याचं आठवतं, बिटाचं त्याच्याच भावकीतलं. हमसमध्ये मात्र तिकडे पूर्वापार भाजी नसते. २०१० साली लेबनॉनच्या आचाऱ्यांनी १०,४५२ किलो हमस करून विक्रम केला, देशाचं क्षेत्रफळ जितके चौरस किलोमीटर तितके किलो. इतका जीव ज्या पदार्थावर आहे, त्यात बीट घातलं तर माझी हरकत नाही; पण चणेच नसतील तर त्याला हमस म्हणू नये.

हमससाठी दोन वाट्या शिजलेल्या चण्यांना एक मध्यम बीट पुरतं. जास्त घातलं की गोडसर आणि पातळ होतं. चणे रात्रभर भिजवून, चिमूटभर खायचा सोडा घालून बोटानं चिरडतील इतके मऊ शिजवावेत. सोड्यानं सालं सुटतात आणि वाटण लोण्यासारखं होतं. मात्र बिटाचा रंग आंबटात टिकतो, सोड्यात बिघडतो. म्हणून चणे शिजल्यावर ते पाणी टाकून द्यायचं, चणे नीट धुवायचे, आणि बीट मिक्सरमध्ये घालण्याआधी लिंबू पिळून घ्यायचं. नाहीतर गुलाबी रंग मळकट होतो. साध्या हमसमध्ये वाटताना बर्फाचं पाणी घालतात. इथे आधी बीट वाटून पाहावं, त्याचंच पाणी बहुधा पुरतं.

मुतब्बलला अर्धा किलो बीट लागतं. ते सालासकट, शेंडा-बुडखा न कापता भाजावं किंवा उकडावं, म्हणजे रंग पाण्यात जात नाही. भाजलेलं जास्त चांगलं, कारण त्यातलं पाणी आटतं. इथे घट्टपणा द्यायला चणे नाहीत. ती जबाबदारी ताहिनी आणि दह्याच्या चक्क्यावर. आधी चार चमचे ताहिनीत लिंबाचा रस आणि ठेचलेला लसूण घालून फेटा. ती एकदम घट्ट होईल. घाबरू नका, चमचा-चमचा पाणी घालत गेलात की पांढरी, मऊ होते. मग अर्धी वाटी चक्का आणि शेवटी किसलेलं बीट. मिक्सरला लावू नये असं माझं ठाम मत आहे, थोडी कणी राहिली तरच बीट खाल्ल्यासारखं वाटतं.

ताहिनी घरी करणार असाल तर पॉलिशचे पांढरे तीळ अगदी हलके भाजा, रंग बदलू देऊ नका. खरपूस भाजले की कडवटपणा येतो आणि तिळाच्या चटणीची चव वर येते. हमसमध्ये ते एक वेळ झाकलं जातं, मुतब्बलमध्ये मुळीच नाही.

हमस फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहतं. थंडीनं आळतं, तेव्हा चमचाभर पाण्यानं सैल करावं. डब्यात पोळीला लावून न्यायला तेच बरं. मुतब्बलला पाणी सुटतं, म्हणून ज्या दिवशी कराल त्याच दिवशी संपवा.