कोथिंबिरीच्या जुडीचं वजन किती?

कोथरूडमधलं एक मोठं दुकान, रविवारची संध्याकाळ. बिलिंग काउंटरच्या रांगा पार तेलाच्या डब्यांपर्यंत गेलेल्या, म्हणून मी आपलं बिल आपणच करायच्या यंत्राकडे वळलो. सेल्फ चेकआउट. चहा झाला, साबण झाला, शेंगदाण्याचा पुडा झाला. मग घरून आणलेली कापडी पिशवी शेजारच्या ताटावर ठेवली आणि पडदा लाल. सहा यंत्रांवर लक्ष ठेवणारी मुलगी आली, गळ्यातलं कार्ड टेकवलं आणि म्हणाली, "काका, पिशवी मध्येच नका ठेवू." राज्यात २०१८ला प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून पिशवी न्यायची सवय आपल्याला लागली, या यंत्राला लागायची आहे.

ते ताट म्हणजे खरं तर वजनकाटा. आत धातूचा एक ठोकळा असतो आणि त्याला नागमोडी बारीक तारेची पट्टी चिकटवलेली असते. वजन पडलं की ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, तार ताणली जाते, तिचा विद्युतरोध किंचित बदलतो आणि त्यावरून ग्रॅम कळतात. यंत्राच्या यादीत वस्तूच्या किमतीसोबत तिचं वजनही नोंदवलेलं असतं. साबण स्कॅन केला की ताटावर साबणाएवढेच ग्रॅम वाढायला हवेत. कमी-जास्त झाले की यंत्र अडून बसतं. ते तुम्हाला चोर म्हणत नाही, हिशेब जुळत नाही एवढंच त्याचं म्हणणं. पण लाल पडदा मागच्यांनाही दिसतो, आणि कोथरूडमध्ये मागे ओळखीचं कुणीतरी असतंच.

बारकोड वाचण्यात मात्र यंत्र आणि काउंटरवरच्या ताई यांच्यात काही फरक नाही. २६ जून १९७४ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा असं स्कॅन झालं. तेव्हापासून युक्ती तीच आहे. आपल्याकडच्या पुड्यांवर तेरा आकडे असतात आणि सुरुवातीला बहुधा ८९०. त्याचा अर्थ 'माल भारतात बनला' असा अनेक जण लावतात. तसं नाही. नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय, एवढंच ते सांगतात.

गंमत शेवटच्या आकड्यात आहे. ८९०१२३४५६७८९० हा नमुना घ्या. शेवटचा शून्य बाजूला ठेवा. उरलेल्या बारांपैकी पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवा: २८. मधले राहिलेले मिळवा: ३४, त्याची तिप्पट १०२. एकूण १३०. दहाच्या पटीत जायला आणखी किती हवेत? शून्य. म्हणून शेवटी शून्य. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर ही बेरीज हमखास बिघडते आणि यंत्र 'बीप' करत नाही. शेजारचे दोन आकडे उलटले तरी बहुतेक वेळा चूक पकडली जाते. फक्त त्या दोघांत पाचाचा फरक असेल, जसे १ आणि ६, तर निसटते. घरी डाळीच्या पुड्यावर करून बघा.

आता वेगाचं. माझ्या अकरा वस्तूंना चार मिनिटं लागली. तेवढ्यात शेजारच्या ताईंनी एका घराचा महिन्याचा किराणा उरकला. बारकोड पुड्यावर कुठे असतो हे त्यांच्या हाताला पाठ असतं. शिवाय त्या स्कॅन करत असताना गिऱ्हाईक पिशवीत भरत असतं, म्हणजे दोन कामं एकदम चालतात. यंत्रापुढे ती एकामागून एक, आणि दर वेळी वजन जुळेपर्यंत थांबायचं. तरी आपल्याला यंत्र झटपट वाटतं, कारण हात रिकामे नसले की वेळ कळत नाही. दुसरं कारण गणितातलं आहे, आणि त्याचं श्रेय यंत्राला उगाच मिळतं.

डेन्मार्कचा एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. फोन केव्हा येईल आणि किती लांबेल याचा नेम नसताना किती ताटकळावं लागेल, याचं गणित मांडायला त्यानं १९०९मध्ये सुरुवात केली. तेच गणित किराण्याला लावू. दोन काउंटर, प्रत्येकापुढे स्वतःची रांग. एका बिलाला सरासरी दोन मिनिटं आणि काउंटर ८० टक्के वेळ कामात. एकदा धरलेली रांग कुणी सोडत नाही असं मानलं, तर आपला नंबर येईपर्यंत सरासरी आठ मिनिटं जातात. आता माणसं तीच, काउंटरही तेच, फक्त दोघांत मिळून एकच रांग: थांबणं साडेतीन मिनिटांवर येतं! कुणाचं कार्ड चाललं नाही, कुणी सुटे शोधत बसलं, तरी रांग दुसऱ्या बाजूनं सरकत राहते. यंत्रांपुढे सहसा अशी एकच रांग असते. माणसांच्या काउंटरांपुढेही ती लावता येईल. त्याला यंत्र लागत नाही, एक दोरी पुरते.

ब्रिटनमधल्या बूथ्स या दुकानसाखळीनं २०२३मध्ये आपल्या बहुतेक दुकानांतली ही यंत्रं काढायचं ठरवलं. सुट्या भाज्या-फळांत गिऱ्हाइकांचा गोंधळ होतो, हे त्यांचं एक कारण होतं. आपल्याकडे सुटी भाजी आधी तोलून चिकटपट्टी लावतात. त्यावरचा बारकोड बहुधा २ने सुरू होतो, म्हणजे तो त्या दुकानापुरताच, आणि किंमत किंवा वजन त्या आकड्यांतच भरलेलं असतं. वांगी, बटाटे त्यानं निभावतात.

राहिली कोथिंबीर. ती जुडीनं विकतात, आणि जुडीला ठरलेलं वजन नसतं. पाणी मारलेली सकाळची जुडी जड, संध्याकाळची हलकी. यंत्राला थोडी सूट देऊन ठेवली असली तरी माझी जुडी त्या सुटीतही बसेना. पडदा पुन्हा लाल. मुलगी पुन्हा आली. या वेळी तिनं कार्ड टेकवलं नाही. जुडी उचलली, देठाकडून उलटी केली, वास घेतला.

"काका, ही आतून काळी पडलीये. दुसरी घेऊन या, मी तुमचं बिल थांबवून ठेवते."