पूररेषा

नदीला पूर आल्यावर पाणी कुठवर चढेल याचा हिशेब करून नकाशावर आखलेली आणि बांधकाम परवानगीशी जोडलेली रेषा. महाराष्ट्रात अशा दोन रेषा आखतात : सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. धरणाखालच्या नद्यांवर सांडव्यातून सुटणारा विसर्गही हिशेबात धरावा लागतो. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पुढची २४ वर्षे निर्धास्त असा नव्हे. तेवढ्या पुराची शक्यता दरवर्षी शेकडा ४ असते. कोल्हापूरकरांनी २०१९ चा महापूर ओसरल्यावर दोनच वर्षांत, २०२१ मध्ये, पुन्हा पंचगंगेचे पाणी घरात पाहिले.

केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्ये पूरक्षेत्राच्या नियमनासाठी नमुना कायदा राज्यांकडे पाठवला. मणिपूर (१९७८) आणि राजस्थान (१९९०) यांनी तसे कायदे केले. महाराष्ट्राने मात्र १९८९ च्या परिपत्रकावर काम भागवले. रेषा जलसंपदा विभाग आखून देतो, पण ती पाळायला लावण्याचे काम पालिकेचे किंवा नियोजन प्राधिकरणाचे. ही वाटणीच अनेक भानगडींचे मूळ आहे.

नदीकाठ ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध. तिथे बाग, मैदान, वाहनतळ, स्मशानभूमी, फार तर ओट्यांची उघडी भाजी मंडई चालते. पूर आला की ओटे धुऊन निघतात, एवढेच. निळ्या व लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित : बांधकाम करता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच हवे. कागदावर हे रास्त दिसते. प्रत्यक्षात जोत्यासाठी प्लॉटभर भराव पडतो आणि तिथले पाणी शेजारच्या बैठ्या चाळीत शिरते.

नकाशातली रेषा फारशी कुणाच्या तोंडी नसते. लोकांची मापे वेगळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरचे फूट मोजतात (३९ इशारा, ४३ धोका), सांगलीत आयर्विन पुलावरचे (४० आणि ४५). नाशकात गोदावरीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की सराफ बाजारातले दुकानदार माल हलवू लागतात.

पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती नदीपासून दूर वसवल्या गेल्या. त्यानंतरच्या दशकांत शहर पुन्हा मुठेच्या कुशीत शिरले. तिथली निळी रेषा ६० हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्गाची धरलेली. तरी २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. धरणाखालच्या ओढ्या-नाल्यांची भर त्यात होती हे खरे, पण पात्रात टाकलेला राडारोडा आणि भराव यांची चर्चा तेव्हापासून थांबलेली नाही. पात्र अरुंद झाले की जुन्या मोजणीची रेषा कुचकामी ठरते.

नवी बांधकामे रोखणे त्यातल्या त्यात सोपे. रेषेच्या आत आधीच वसलेल्या गावाचे काय, हा खरा पेच. जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणमध्ये पूररेषेला मोठा विरोध झाला, कारण बाजारपेठेसह शहराचा बराच भाग तिच्या आत येत होता. घर बेकायदा ठरत नाही, पण वाढीव बांधकाम अडते आणि जागेचा भाव पडतो. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचे उदाहरण उलट बाजूचे आहे. १९८९ च्या पुरानंतर तिथल्या लोकांना सोनतळीला प्लॉट मिळाले. तरी नदीकाठची शेती आणि गोठे यांमुळे अनेकांनी जुने घर सोडले नाही. पाणी वाढू लागले की ते जनावरे घेऊन सोनतळी गाठतात.