मोटारीतील लाकूडकाम: सांगाड्यापासून सजावटीपर्यंत

मुंबईत गाडीच्या डॅशबोर्डावर, दारांच्या आतल्या बाजूस किंवा गिअरभोवतीच्या खाचेत मागणीप्रमाणे लाकडी पट्ट्या बसवून घेण्याची हौस आज सजावटीत मोडते. मोटारीच्या आरंभीच्या काळात मात्र लाकडाला याहून जड काम होते. घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांनीच पहिल्या मोटारींच्या बॉडी बांधल्या, आणि अ‍ॅश जातीच्या चिवट लाकडाचा सांगाडा करून त्यावर पत्रा ठोकण्याची त्यांची रीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सर्रास चालू राहिली. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला लाकूड इतके लागत असे, की हेन्री फोर्ड यांनी १९२० मध्ये मिशिगनच्या उत्तर भागात विस्तीर्ण जंगल विकत घेतले. त्याआधीच, १९१४ साली, डॉज बंधूंच्या मोटारीने पोलादी बॉडीची वाट दाखवली होती. पोलादाने भार उचलला तसे लाकूड प्रवाशाच्या नजरेसमोर, म्हणजे डॅशबोर्डावर आणि दारांच्या कडांवर सरकले.

रोल्स-रॉइस, बेंटली आणि जॅग्वार या ब्रिटिश गाड्यांनी या सजावटीचा मानदंड घालून दिला. अक्रोडाच्या खोडावरील गाठींचे पातळ पापुद्रे काढून, एकाच गाठीतले लागोपाठचे दोन पापुद्रे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्या प्रतिमेसारखे जुळवायचे, हे त्यातले खरे कसब होय. अपघातात लाकडाच्या ढलप्या उडू नयेत म्हणून पुढे या पापुद्र्यांच्या थरांत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घालण्याची पद्धत आली. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून गाडीच्या अंतर्भागातील आघातसुरक्षेचे मानक लागू झाले आणि कठीण डॅशबोर्डांची जागा आत गादी भरलेल्या मऊ आवरणांनी घेतली. त्यानंतर तिथल्या अनेक गाड्यांत उरली ती प्लास्टिकवर छापलेली लाकडाची नक्षी.

मुंबईत चित्र वेगळे होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारजोडणी सुरू केली आणि १९५४ मध्ये, येथेच उत्पादन करण्याची सरकारी अट आल्यावर, ती बंद केली. त्यापुढे आयात जवळजवळ थांबली, आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटचा डॅशबोर्ड म्हणजे रंगवलेला पत्राच होता. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावणाऱ्या ग्राहकाला आतल्या सजावटीची निवड कोण विचारणार? ज्याला लाकूड हवे असे, त्याला ते घरचे फर्निचर करणाऱ्या सुताराकडून आणि पॉलिशवाल्याकडून करून घ्यावे लागे. त्यामुळे या कामात साग, शिसव, प्लाय, व्हिनिअर (लाकडाचे पातळ पापुद्रे) आणि चपड्याचे म्हणजे लाखेचे पॉलिश हे सारे फर्निचरच्या धंद्यातून आले.

ही उसनवारी मुंबईच्या हवेत पूर्ण निभावत नाही. चपड्याचे पॉलिश ओलाव्याने पांढुरके होते आणि उष्णतेने मऊ पडते. बंद करून उन्हात उभ्या ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तर हाताला चटका बसेल इतका तापतो. भरीव लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते, म्हणून चारही कोपऱ्यांत स्क्रूने आवळलेली पट्टी वाकते किंवा तडकते. जाणते कारागीर एका बाजूची भोके लांबट ठेवून लाकडाला हलायला जागा देतात, अथवा पातळ व्हिनिअर धातूच्या पत्र्यावर चिकटवून त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे थर चढवतात. माझ्या मते या कामाचा कस लाकडाच्या जातीपेक्षा इथेच लागतो, आणि ग्राहक नेमके याच गोष्टीबद्दल काही विचारत नाहीत.

१९९१ च्या उदारीकरणानंतर चव बदलली. १९९५ पासून पुण्याजवळ मर्सिडीज-बेंझच्या गाड्या तयार होऊ लागल्या, त्यांतील लाकडी पट्ट्या लोकांनी जवळून पाहिल्या, आणि तसेच रूप साध्या गाडीतही हवेसे वाटू लागले. ऑपेरा हाउस परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड येथील दुकानांतून ‘वुडन फिनिश’चे तयार संच विकले जाऊ लागले. त्यांत बहुधा लाकूड नसतेच. छापील फिल्मवर पारदर्शक रेझिनचा फुगीर थर दिलेला असतो आणि मागे दुहेरी टेप असते. दुसरा प्रकार पाण्यावर तरंगणाऱ्या नक्षीदार फिल्ममध्ये प्लास्टिकचा भाग बुडवून काढण्याचा आहे. स्वस्त, झटपट आणि पावसाला न जुमानणाऱ्या या प्रकारांमुळे सुताराकडे मुख्यतः जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराचे आणि थोड्या चोखंदळ मालकांचे काम राहिले.

१ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासमोरील एअरबॅग सक्तीची झाली आणि नंतर शेजारच्या प्रवाशासाठीही ती आली, तेव्हा लाकूड बसवण्याची जागाही आखडली. प्रवाशासमोरील एअरबॅग डॅशबोर्डात दडलेली असते आणि तिच्यावरचे आवरण ठरावीक रेषेवर फाटण्यासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेले असते. त्यावर चिकटवलेली पट्टी तिला अडवू शकते किंवा स्वतःच प्रवाशाच्या अंगावर भिरकावली जाऊ शकते. म्हणून नव्या गाडीचे माप घेताना तो भाग आणि स्टिअरिंगचा मधला भाग वगळून, दारांच्या पट्ट्या व गिअरभोवतीची चौकट एवढ्यावरच काम आखले जाते.