ग्रामपंचायतीच्या जागेत भाजीचे वाफे: भाडे कसे ठरते, अर्ज कसा करायचा

भातकापणी उरकली की कोकणात लाल माठ, मुळा, वाली, मिरचीचे वाफे पडतात. ज्यांची पाण्याजवळ जागा नाही, त्यांना ग्रामपंचायत आपल्या मालकीची विहिरीलगतची जमीन हंगामापुरती भाड्याने देऊ शकते. इंग्लंडमध्ये अशा वाफ्यांसाठी वेगळा कायदाच आहे. 1908 च्या त्या कायद्याने सहा मतदारांनी लेखी मागणी केली तरी कौन्सिलला ती विचारात घ्यावी लागते. आपल्याकडे सगळा खेळ ग्रामपंचायतीच्या ठरावाचा. पुढची भांडणेही बहुधा ठरावात न लिहिलेल्या गोष्टींवरूनच होतात.

आधी जमीन कोणाची ते पाहा. महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. भोगवटादाराच्या रकान्यात ग्रामपंचायत हवी आणि तीच जमीन पंचायतीच्या नमुना 24 या जमीन नोंदवहीतही दिसली पाहिजे. सातबाऱ्यावर गायरान किंवा वन अशी नोंद असेल तर तिथेच थांबा. गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2011 च्या निकालानंतर राज्याने त्याच वर्षी 12 जुलैला कडक शासन निर्णय काढला. सरपंचांनी तोंडी दिलेला होकार तिथे टिकत नाही. जमीन पंचायतीचीच असली, तरी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मंजुरी लागते का, हे मुदत ठरवण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात) लेखी घ्या.

‘कसायला दिली की कूळ लागेल’ ही शंका सभेत हमखास निघते. कूळकायद्याच्या कलम 88ब ने स्थानिक प्राधिकरणाच्या जमिनींना त्या कायद्याच्या बहुतेक तरतुदींतून वगळले आहे, त्यामुळे वाफा कसणाऱ्याला खरेदीचा हक्क मिळत नाही. तरीही करार हंगामापुरताच ठेवावा, साधारण 15 नोव्हेंबर ते 15 मे. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो आणि तो खर्च चार गुंठ्यांच्या भाजीला झेपत नाही.

आता भाडे. लिलाव पुकारला तर पैसे जास्त येतील, पण सगळे वाफे एकाच व्यापाऱ्याकडे जातील. भाजी गावातल्यांनी पिकवावी असे वाटत असेल तर दर ठरवून चिठ्ठ्या टाकणेच बरे. दर काढताना वाटा आणि विहिरीभोवतीची जागा वजा करायची, ही गोष्ट फार ठिकाणी विसरली जाते. समजा जमीन 20 गुंठे आहे आणि 2 गुंठे वाटेत गेले. पंपाचे बिल, पंपदुरुस्ती आणि कुंपण मिळून हंगामाचा खर्च 12,000 रुपये. 18 ने भागले तर गुंठ्याला 667 रुपये येतात. 20 ने भागून 600 लावले, तर वसुली 10,800 वर थांबते आणि उरलेले 1,200 पंचायतीच्या अंगावर पडतात. यावर जमिनीचे भाडे वेगळे. पाणीखर्च आणि जमीनभाडे ठरावात दोन स्वतंत्र रकमा म्हणून लिहायला लावा, म्हणजे वीज महागली म्हणून सगळेच भाडे वाढवता येणार नाही. दर किती वर्षे कायम राहील आणि वाढीची सूचना किती महिने आधी द्यायची, तेही त्यातच यावे.

आणि पाणी आटले तर काय? जांभ्यातली विहीर एप्रिलात तळ गाठते, खाडीकाठची मचूळ होते. त्या महिन्यांची पाणीरक्कम माफ, एवढे एक वाक्य ठरावात असले तरी मेमधला वाद टळतो.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय यावा यासाठी मागणी सप्टेंबरातच द्या. अर्ज साध्या कागदावर चालतो: किती गुंठे, कोणते पीक, गट क्रमांक. सोबत आधार आणि रेशनकार्डाची प्रत (एका कुटुंबाला एकच वाफा, हे यावरूनच तपासतात), थकबाकी नसल्याचा दाखला, अनामत परत मिळण्यासाठी बँक पासबुकाचे पहिले पान आणि भूमिहीन असाल तर तसे स्वयंघोषणापत्र. बचत गटाने आपला ठराव आणि सभासदांची यादी जोडावी.

अर्ज अडतो तो बहुतेक थकबाकीच्या दाखल्यावर. घरपट्टी आजोबांच्या नावे, चुलते मुंबईला, आणि तीन वर्षांची बाकी कोणाची यावर घरातच एकमत नाही. बाकी भरून पावती घ्या आणि घर आजोबांच्या नावे असल्याचा नमुना 8 चा उतारा रेशनकार्डासोबत जोडा. हिस्सेवाटपाचा वाद इथे आणू नका.

चिठ्ठी निघाली की वाफा मोजून घ्या. एक गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट. काथ्याची दोरी ओली झाली की आखडते, म्हणून टेपच वापरा आणि कोपऱ्यांना चिरे पुरून घ्या. माड, पोफळ, काजू लावायचे नाहीत, पक्के बांधकामही नाही, हंगामी पीकच. भातानंतर गुरे मोकाट सुटतात आणि माकडे तर वर्षभर असतात, तेव्हा बाहेरचे कुंपण पंचायतीचे की वाफेवाल्यांचे, हे आधीच विचारा.

भाड्याला नमुना 7 ची छापील, क्रमांकित पावती मागा. वहीच्या चिठोऱ्यावर अनामत परत मिळत नाही. ठरावाची प्रत कोणी देत नसेल तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर यायला हवे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क नाही. वाटपाबद्दल तक्रार असल्यास ती गटविकास अधिकाऱ्यांकडे, ठरावाची प्रत जोडून.