रुचिभेद आणि सत्यसापेक्षता

चव, सौंदर्य, गंमत अशा बाबींत दोन माणसे एकमेकांना छेद देणारी विधाने करतात, आणि तरी चूक कोणाचीच दिसत नाही. अशा ‘निर्दोष मतभेदा’चा उलगडा करण्यासाठी काही तत्त्वज्ञ सत्यच सापेक्ष मानतात.

सोलापुरात याचे रोजचे उदाहरण म्हणजे शेंगाचटणी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ उखळात कुटत गेले की दाण्याचे तेल सुटते आणि चटणी ओलसर होते. ज्वारीच्या कडक भाकरीवर ती घेऊन एक जण म्हणतो, ‘चटणी एक नंबर झालीय.’ शेजारचा म्हणतो, ‘छे, कुठं! नुसता लसूण लागतोय.’ चटणी एकाच उखळातली, दोघांच्या जिभाही धडधाकट.

यावरचे सोपे उत्तर असे : ‘चांगली’ म्हणजे ‘मला चांगली लागते’. मग दोघेही खरे बोलतात. पण त्यात भांडणच नाहीसे होते, आणि ही या उत्तराची मोठी उणीव आहे. मराठीत हा फरक स्पष्ट कळतो. ‘मला आवडली’ याला ‘छे, कुठं!’ असे कोणी म्हणत नाही. फार तर ‘मला नाही आवडली’ म्हणतो. ‘चटणी चांगली आहे’ हे मात्र खोडून काढता येते. ‘लागते’ आणि ‘आहे’ ही क्रियापदे भाषेने उगाच वेगळी ठेवलेली नाहीत.

तत्त्वज्ञ मॅक्स क्यॉल्बेल (२००४), भाषाशास्त्रज्ञ पीटर लेझरसोन (२००५) आणि तत्त्वज्ञ जॉन मॅकफार्लेन (२०१४) यांनी म्हणून दुसरी वाट धरली. चटणीवरून भांडणाऱ्यांपैकी एक जण जे विधान मानतो, तेच दुसरा नाकारतो; ते खरे की खोटे हे मात्र रुचीच्या मापावर ठरते. हे माप विधान करणाऱ्याचे नव्हे, तर ते पारखणाऱ्याचे, असे मॅकफार्लेन मानतो.

मूळ कल्पना जुनी आहे. ‘माणूस हेच सर्व वस्तूंचे माप’ हे इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या ग्रीक विचारवंत प्रोटागोरसचे मत प्लेटोने तपासले, तेव्हा उदाहरण वाऱ्याचे घेतले : तोच वारा एकाला गार लागतो, दुसऱ्याला नाही. सगळेच सत्य सापेक्ष असेल तर हे मतही सापेक्षच ठरते, हा त्यावरचा प्रसिद्ध आक्षेप. सापेक्षता रुचीपुरती ठेवली की तो लागू पडत नाही. चादरीत सूत किती, हे मोजून ठरते. तिची नक्षी सुरेख की भडक, हे तसे ठरत नाही. जैनांचा अनेकांतवाद इथे जोडला जातो, पण तो वेगळा आहे : त्यात वस्तूच अनेकांगी असते आणि प्रत्येक दृष्टीला तिचे एक अंग दिसते.

मॅकफार्लेनच्या मताची खरी कसोटी लागते ती शब्द मागे घेण्यात. लहानपणी ‘चटणी वाईट आहे’ म्हणून ताट सरकवणारा मुलगा मोठेपणी तीच चटणी मागून घेतो. आता पारखणारा तोच, पण रुची बदललेली; म्हणून या मताप्रमाणे त्याने जुने विधान खोटे म्हणून मागे घ्यायला हवे. प्रत्यक्षात बहुतेक जण एवढेच म्हणतात, ‘तेव्हा आवडत नव्हती.’