पात्रांची वही: अनेक पात्रांच्या विज्ञानकथा-मालिकेसाठी आम्ही नेमकं काय करतो

हे पत्रक निर्माते, लेखक आणि कथाविस्तार पाहणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या मालिकेत सात-आठ प्रमुख पात्रं, तीन-चार लेखक आणि एखादं अंतराळयान, यंत्रमानव किंवा कालप्रवास असेल, तर पात्रांची सुसंगती तपासून देण्याचं काम आम्ही घेतो. पटकथा लिहीत नाही, संवाद सुधारून देत नाही. वाचतो, नोंदी ठेवतो आणि चौदाव्या भागातला डॉक्टर पाचव्या भागातलाच आहे ना, ते सांगतो. सेटवर शर्टाचं बटण आणि चहाचा कप सांभाळणारी माणसं वेगळी असतात. त्यांच्या कामात आम्ही लुडबुड करत नाही.

पहिल्या भेटीत बहुतेकांचा समज असा असतो की सुसंगती म्हणजे पात्राने कायम एकसारखं वागायचं. तसं असतं तर वही लागलीच नसती, ‘तापट’ एवढं एका कार्डावर लिहून भागलं असतं. आम्ही बघतो ते असं: या माणसावर आजवर काय गुदरलं, त्याला काय कळलंय, काय जमत नाही आणि तो काय लपवतोय, याचा हिशेब पुढचा भाग लिहिणाऱ्यापर्यंत पोचलाय का? पोचला असेल तर पात्राने खुशाल उलटं वागावं.

खालची उदाहरणं मुद्दाम परदेशी आणि केव्हाच संपलेल्या मालिकांची घेतली आहेत. इथल्या चालू मालिकांची घेतली तर पुढचं काम मिळायचं नाही.

डॉक्टर बशीरचा गणवेश

‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ (1993 ते 1999, 176 भाग) ही आमच्या लेखी या विषयाची शाळाच आहे, कारण तिच्यात जमलेलं आणि फसलेलं शेजारी-शेजारी सापडतं. फेब्रुवारी 1997 मध्ये लागोपाठच्या भागांत ज्युलियन बशीर या डॉक्टरबद्दल दोन मोठे उलगडे झाले. आधी कळलं की खरा बशीर महिन्याहून अधिक काळ शत्रूच्या कैदेत आहे आणि अंतराळ स्थानकावर वावरतोय तो रूप पालटणारा तोतया. ते प्रकरण मिटतं न मिटतं तोच पुढच्या भागात कळलं की त्याच्या लहानपणी आईवडिलांनी त्याच्यावर बेकायदा जनुकीय बदल करून घेतले होते.

पहिल्या उलगड्याचा पुरावा कपड्यांत आहे. कैदेतला बशीर जुन्या गणवेशात दिसतो. स्थानकावरचे गणवेश तर डिसेंबर 1996 मधल्या ‘रॅप्चर’ या भागातच बदलले. म्हणजे अदलाबदल त्याच्याही आधी झालेली. इथवर हिशेब चोख आहे, लेखकांना शाबासकी. पण त्याच ‘रॅप्चर’मध्ये बशीरने स्थानकाचा प्रमुख कॅप्टन सिस्को याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याला मरणाच्या दारातून परत आणलंय! शत्रूचा हेर, हातात सुरी, समोर बेशुद्ध सेनानी, आणि तो त्याला वाचवतो. हेराला सोंग सांभाळायचं होतं, असा बचाव करता येतो. मात्र तो प्रेक्षकाने घरी बसून करायचा. बशीरचं काम करणारे अलेक्झांडर सिद्दिग यांनाही त्या भागांच्या चित्रीकरणात आपण तोतया साकारतोय याची कल्पना नव्हती.

दुसरा उलगडाही आयत्या वेळचाच. सिद्दिग यांना तो रुचला नव्हता, हे त्यांनी पुढे सांगितलंय. तरी तो पचतो, आणि कसा पचतो ते बघण्यासारखं आहे. हा हुशार पोरगा अंतिम परीक्षेत एका मज्जातंतूच्या बाबतीत क्षुल्लक घोटाळा करून दुसरा आला, हे पहिल्या सीझनमध्येच सांगून झालेलं होतं. त्या घोटाळ्याला आता अर्थ आला: पहिलं येऊन नजरेत भरायचं नव्हतं. उलगड्याच्या भागाच्या शेवटी बशीरचा मित्र माइल्स ओब्रायन याच्या डोक्यात प्रकाश पडतो की डार्ट्समध्ये आपण जिंकत होतो ते मित्राच्या मेहेरबानीने. मग बशीरला मागे सरकून, लांबून बाण मारायला लावतात. न्यायालय नाही, भाषण नाही; खेळातलं अंतर वाढलं आणि गुपित दोघांच्या रोजच्या आयुष्यात येऊन बसलं. आमच्या वहीत अशा नोंदीला आम्ही ‘वसुली’ म्हणतो. प्रत्येक मोठ्या उलगड्यासमोर निदान एक वसुली लिहिलेली नसेल, तर तो भाग आम्ही लाल खूण करून परत पाठवतो.

मेलेल्या पात्राच्या नावावर उधारी

याच्या उलट प्रकार 2004 ते 2009 च्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’त झाला. तिसऱ्या सीझनच्या शेवटी, 2007 मध्ये, चार जुनी पात्रं मुळात सायलॉन, म्हणजे माणसासारखी दिसणारी यंत्रं, निघाली. ती पात्रं कोणती, हे तो सीझन लिहिताना ठरलं होतं. दृश्य जबरदस्त आहे, आजही अंगावर काटा येतो. पण त्या चौघांत चीफ टिरॉल होता आणि त्याला कॅली नावाच्या मानवी बायकोपासून मुलगा होता. इकडे सगळी कथा उभी होती हेरा या मुलीवर: माणूस आणि सायलॉन यांचं एकमेव मूल म्हणून. आता मुलं दोन झाली.

2009 मध्ये तोडगा निघाला. मुलगा टिरॉलचा नव्हेच, हॉट डॉग या वैमानिकाचा, असं डॉक्टरांकडून वदवलं गेलं. तोवर कॅलीचा खून होऊन गेलेला. तिला विचारणार कोण? हेराचं गणित सुटलं, पण नवऱ्यावर जीव टाकणाऱ्या एका पात्राची सगळी जुनी दृश्यं मागच्या तारखेने खोटी ठरली, आणि तीही तिला एक वाक्य बोलायची संधी न देता. आमचं स्पष्ट मत: घटनेतली विसंगती प्रेक्षक आठवड्याभरात विसरतो, पात्रावर झालेला असा अन्याय विसरत नाही. अशा जागी दोन्ही मुलं ठेवून हेराचं वेगळेपण दुसऱ्या कारणावर उभं करणं आम्ही सुचवलं असतं.

आधीच ठरवलेलं असेल तर

‘बॅबिलॉन 5’ या अंतराळ स्थानकावरच्या मालिकेचे 110 भाग, त्यातले 92 एकट्या जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनी लिहिलेले. एकच डोकं असल्यावर वही कशाला, असं वाटेल. पण त्यांनीही प्रत्येक पात्रासाठी ‘चोरदरवाजा’ ठेवला होता: नट सोडून गेला तर कथेतलं त्याचं काम कुणाकडे जाईल याची तजवीज. ती लागलीही. पहिल्या सीझननंतर स्थानकाचा कमांडर सिंक्लेअर गेला आणि शेरिडन आला.

याच मालिकेत लोंडो हा राजदूत 1994 च्या पहिल्याच भागात सांगतो की, वीस वर्षांनी आपण आणि जकार हा दुसरा राजदूत एकमेकांचा गळा आवळून मरतोय असं स्वप्न आपल्याला पडलंय. तेव्हा दोघे कट्टर वैरी, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते वैराचं भाकीत वाटतं. 1996 मध्ये तो क्षण प्रत्यक्ष दिसतो आणि कळतं की, मानेवर बसलेल्या परजीवीच्या ताब्यातून सुटायला लोंडोनेच एव्हाना मित्र झालेल्या जकारला मारून टाकायची विनवणी केली होती. दृश्य तेच. अर्थ पार फिरला. पात्र बदलूनही सुसंगत कसं राहतं, असं कुणी विचारलं की आम्ही हे दोन भाग दाखवतो.

लहान गोष्टींचं थोडक्यात. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’मधला डेटा हा अँड्रॉइड इंग्रजीतली जोडून बोलायची रूपं वापरू शकत नाही, हा नियम पहिल्या सीझनच्या मध्यावर त्याच्या दुष्ट भावाला ओळखता यावं म्हणून आला, आणि त्याच भागाच्या शेवटी डेटाच्या तोंडून तो मोडला. मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या 1965 मध्ये नाकारल्या गेलेल्या पहिल्या नमुना-भागात स्पॉक चक्क हसतो. थंड डोक्याचा स्वभाव तिथे नंबर वन या महिला अधिकाऱ्याचा होता, तो नंतर स्पॉककडे आला. पुढे तेच चित्रण 13 वर्षांपूर्वीची घटना म्हणून मालिकेत वापरलं गेलं, म्हणून हसणं तरुणपणात खपून गेलं. नशीब प्रत्येक वेळी असं साथ देत नाही.

आमच्या वहीत काय असतं

दर पात्रामागे एक तक्ता. कुठली गोष्ट त्याला कुठल्या भागात कळली. काय जमत नाही (हा रकाना लेखक नेहमी कोरा पाठवतात, आणि गोंधळ तिथेच होतो). काय लपवतंय आणि कुणापासून. शरीर किंवा स्मृती कुणाच्या ताब्यात गेली असेल तर नेमकी कुठून कुठवर. मराठीत आणखी एक रकाना सक्तीचा आहे: कोण कुणाला अरे-तुरे करतं आणि कोण अहो-जाहो. दहा भाग ‘मॅडम, तुम्ही’ म्हणणारी पायलट अकराव्यात ‘अगं’ म्हणाली, तर दोघींत मधल्या काळात काहीतरी घडलेलं असायला हवं. ते घडलं नसेल, तर बहुधा अकरावा भाग वेगळ्या लेखकाने लिहिलाय आणि त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आम्हाला पाठवायचं ते एवढंच: कथाविस्तार, सगळ्या भागांच्या वन-लाइन आणि लिहून झालेल्या पटकथा. शेवट ठरला असेल तर तोही. तो आमच्याकडून बाहेर जात नाही, तसा करार आम्ही आधी करतो. भाग चित्रित होण्याआधी मिळाला तर टिपणांचा उपयोग. नंतर मिळाला तर आम्ही चूक दाखवू, पण ती निस्तरायची जबाबदारी संकलकाच्या गळ्यात पडेल. दुसऱ्या सीझनच्या मध्यावर आलात तरी काम होतं, फक्त मागचे सगळे भाग वाचावे लागतात आणि त्या वाचनाचे पैसे वेगळे.