मोहाची आणि देशी एक नाही हो

नागपुरात पानठेल्यावर दारूचा विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणते, मोहाची म्हणजे देशीच ना बे. नाही बाप्पा, अजिबात नाही, आणि हे मला मनापासून सांगायचं आहे.

देशी फॅक्टरीत बनते. उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट, त्यात पाणी आणि फ्लेवर, बाटलीवर लेबल, 42.8 टक्के अल्कोहोल, सरकारला टॅक्स. संपलं.

मोहाची सुरू होते मोहाच्या झाडाखाली. मार्च-एप्रिलात पहाटे फुलं गळतात, बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या आत पोचतात, ती फुलं वाळवली की मनुक्यासारखी दिसतात, वर्षभर टिकतात, घरी खायलाही चालतात. दारूसाठी काही दिवस पाण्यात सडवायची, मग भट्टीवर चढवून वाफ थंड करायची. अल्कोहोल 78 अंशाला उकळतं, पाणी 100 ला, म्हणून सुरुवातीला अल्कोहोल जास्त येतं, पहिल्या धारेची कडक म्हणतात ते त्यामुळेच.

पण खरा फरक पिण्याआधी दिसतो. गडचिरोलीकडे एका गोंड मित्राच्या घरी लग्नाला गेलो होतो, तिथे म्हाताऱ्या आजोबांनी पानाच्या द्रोणातली मोहाची आधी बोटाने थेंब थेंब जमिनीवर सोडली, पूर्वजांच्या नावाने, आणि तोवर मांडवात कोणीच द्रोण तोंडाला लावला नाही. जन्म, लग्न, मरण, तिन्ही वेळेला ती लागते. आपल्याकडे दारू म्हणजे लपवून प्यायची गोष्ट, तिथे ती पूजेच्या सामानात. आणि हे नागपूर ज्याने वसवलं तो बख्त बुलंद शाहसुद्धा गोंड राजाच, तरी आपण त्यांच्या नैवेद्याला गावठी म्हणून नाक मुरडतो याचं मला फार वाईट वाटतं.

कायद्याने मात्र विनापरवाना गाळणं गुन्हाच. इंग्रजांनी तर 1892 मध्ये मुंबई इलाख्यात मोहफुलांवरच कायदा आणला होता.

आणि गूळ-नवसागराची हातभट्टी ही तिसरीच गोष्ट, तिला मोहाची समजू नका. बनावट दारूत मिथेनॉल असलं तर डोळे जातात, जीवही जातो, 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली.

पण म्हणून मोहाची प्यायली की काही होत नाही असंही मी म्हणणार नाही. 1993 ला गडचिरोलीत दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीतूनच, आणि घरात रोज मार खाणाऱ्या बाईला बाटलीत मळीची आहे की मोहाची याने काय फरक पडतो?